रेषेवरचा चेंडू कुणाचा?

विम्बल्डनमध्ये २०२५ सालापासून रेषांवर माणूस उभा नसतो. १४७ वर्षांची लाइन्समनची प्रथा तिथे बंद झाली आणि चेंडू आत की बाहेर याचा निवाडा कॅमेऱ्यांकडे गेला. त्याच खेळाची बारा किंवा चौदा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा नाशिकमध्ये भरते, तेव्हा सुरुवातीच्या फेऱ्यांना बहुतेक कोर्टवर पंच नसतो. रेफरी एक, कोर्ट चार-पाच. चेंडू ज्याच्या बाजूला पडला त्या मुलानंच तो आत होता की बाहेर हे सांगायचं. नियमच तसा आहे, आणि जगभर तसाच आहे.

या व्यवस्थेत भांडणं होतात. मुलं रडतात, पालक कुंपणाच्या जाळीला चिकटून ओरडतात, आणि शेवटी कुणीतरी मोठं माणूस हरलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतं, ‘जाऊ दे, नशिबाचा भाग असतो.’ हे वाक्य चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. टेनिसमध्ये नशीब असतं, पण खोटा कॉल, म्हणजे आत पडलेला चेंडू बाहेर सांगणं, हे नशीब नव्हे. या दोन गोष्टींचा सामन्यावर होणारा परिणाम वेगवेगळा असतो, तो आकड्यांत मांडता येतो, आणि तो मांडला की नाशिकच्या आयोजकांनी, प्रशिक्षकांनी आणि पालकांनी काय करायला हवं हेही बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

आधी हिशोब. दोन खेळाडू अगदी तोडीस तोड आहेत असं धरा. शंभर पॉइंटांत प्रत्येकी पन्नास. आता त्यातला एक खेळाडू किंचित सरस झाला, शंभरातले ५१ पॉइंट घेऊ लागला. प्रत्येक पॉइंटला तीच शक्यता धरून गणित केलं तर एक गेम (किमान चार पॉइंट आणि दोनची आघाडी) जिंकण्याची त्याची शक्यता ५२.५ टक्के येते. सेट (किमान सहा गेम) जिंकण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के. तीन सेटांचा सामना जिंकण्याची जवळपास ६१ आणि पाच सेटांचा जिंकण्याची ६३ टक्के. ५१ ऐवजी ५५ पॉइंट घ्या: गेम ६२ टक्के, सेट ८१, तीन सेटांचा सामना ९१. प्रत्यक्षात सर्व्हिस कुणाची आहे यावर पॉइंटची शक्यता बदलते, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण चित्र हेच राहतं.

टेनिसची गुणपद्धत ही अशी आहे. पंधरा, तीस, चाळीस, ड्यूस (४०–४० ची बरोबरी), गेम, सेट अशा पायऱ्या चढताना कौशल्यातला बारीकसा फरक फुगत जातो. रॉजर फेडररनं २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःचे आकडे सांगितले होते. कारकिर्दीत १५२६ एकेरी सामने, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकलेले, पण पॉइंट जिंकले ते फक्त ५४ टक्के. इतका मोठा खेळाडू जवळजवळ निम्मे पॉइंट हरला. दर शंभरात मधल्या रेषेच्या वर असलेले चार पॉइंट म्हणजे त्याची कारकीर्द.

म्हणूनच टेनिसमध्ये वरचे खेळाडू वर्षानुवर्षं वरच राहतात. सामना जितका लांब, तितका नशिबाचा वाटा कमी. उलट छोट्या सामन्यात तो वाढतो. एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यावरच्या, दुहेरीत २००६ पासून ड्यूसनंतर एकच निर्णायक पॉइंट असतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक (बरोबरी फोडणारा छोटा डाव). तिथे मानांकित जोड्या लवकर बाद होण्याची शक्यता वाढते याचं मोठं कारण हेच. आपल्याकडच्या पात्रता फेऱ्यांत वेळ वाचवण्यासाठी एकच छोटा सेट खेळवतात, तोही याच वर्गातला. त्यात एकेक पॉइंट जड होतो. पात्रता फेरीतले कॉल मुख्य फेरीइतक्याच काळजीनं, खरं तर जास्त काळजीनं, पाहायला हवेत.

‘मग सरस खेळाडू हरतो कसा?’ याचं उत्तम उदाहरण २०१९ ची विम्बल्डन पुरुष एकेरीची अंतिम लढत. नोवाक जोकोविचनं ती ७–६, १–६, ७–६, ४–६, १३–१२ अशी ४ तास ५७ मिनिटांत जिंकली. पॉइंट मात्र फेडररचे २१८ आणि जोकोविचचे २०४. फेडररनं सात वेळा सर्व्हिस भेदली (म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकला), जोकोविचनं तीनच वेळा. पाचव्या सेटमध्ये ८–७, ४०–१५ अशा स्थितीत फेडररच्या सर्व्हिसवर त्याला विजेतेपदाचे दोन पॉइंट मिळाले होते. पहिल्यावर त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि जोकोविचनं क्रॉसकोर्ट फोरहँड त्याच्या बाजूनं काढला. या निकालाला फेडररचं दुर्दैव म्हणणं मला पटत नाही. जोकोविचनं तिन्ही टायब्रेक जिंकले, ७–५, ७–४, ७–३. पॉइंट कधी जिंकायचा हेही कौशल्यच आहे, आणि गुणपद्धत ते मोजते. २०१० मध्ये विम्बल्डनलाच जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं चालला. शेवटचा सेट ७०–६८. पॉइंट माहूचे ५०२, इस्नरचे ४७८, आणि जिंकला इस्नर. इतक्या लांब सामन्यात मात्र कुणाच्या बाजूनं काय पडलं हे सांगणं खरोखर अवघड आहे.

आता नशिबाकडे येतो. टेनिसच्या नियमांनी नशीब नाकारलेलं नाही, ते दोघांत वाटून टाकलं आहे. नाणेफेक जिंकणाऱ्याला सर्व्हिस किंवा बाजू यांतली एकच गोष्ट निवडता येते, दुसरी समोरच्याला मिळते. बाजू बदलायची ती पहिल्या गेमनंतर लगेच, मग दर दोन गेमनंतर. टायब्रेकमध्ये दर सहा पॉइंटांनी. यामागचं कारण नाशिकच्या हिवाळ्यात उघड दिसतं. कोर्ट उत्तर-दक्षिण आखलेलं असतं. आपलं शहर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. दक्षिणेकडे तोंड करून सर्व्हिस करणाऱ्यानं चेंडू वर फेकला की तो थेट उन्हात जातो. पहिला गेम तिकडून खेळलेल्या मुलाला नंतर उत्तरेकडे तोंड करायला मिळतं. सूर्य कुणा एकाचा वैरी राहत नाही.

सकाळच्या सामन्यांत वेगळीच गोष्ट. चेंडूची उसळी नियमाप्रमाणे २० अंश तापमानाला तपासतात: २५४ सेंटीमीटरवरून सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळायला हवा. जानेवारीत सकाळी आठला नाशिकमध्ये पारा दहाच्या आसपास असतो. रबर कडक झालेलं, आतल्या हवेचा दाब उतरलेला, चेंडू बसका पडतो. टॉपस्पिनवर खेळणाऱ्या मुलाचं हत्यार बोथट होतं, सपाट मारणाऱ्याला फायदा. पण तोच चेंडू दोघांच्याही बाजूला पडतो. सामना आठचा की बाराचा हे नशीब आहे, आणि पुढच्या फेरीत ते उलटू शकतं.

ड्रॉचंही, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी हे ठरवणाऱ्या सोडतीचंही, तसंच. ग्रँड स्लॅममध्ये १२८ खेळाडू आणि ३२ मानांकित. उरलेल्या ९६ जणांतल्या ३२ जणांना पहिल्याच फेरीत मानांकित खेळाडू भेटतो, म्हणजे तिघांत एकाला. आपल्याकडच्या ३२ च्या ड्रॉमध्ये आठ मानांकन असली तरी प्रमाण नेमकं तेवढंच येतं. २००१ च्या विम्बल्डनपासून मानांकितांची संख्या १६ वरून ३२ केली ती वरच्यांची पहिल्याच फेरीत गाठ पडू नये म्हणून. आणि एका ठिकाणी तर नियमांनी नशीब मुद्दाम आत घेतलं आहे. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेल्याला, मुख्य ड्रॉमधून कुणी माघार घेतली तर, ‘लकी लूजर’ म्हणून जागा मिळते. ती जागा सर्वांत वरच्या क्रमांकाच्या पराभूताला सरळ दिली, तर आपली जागा पक्की आहे हे कळलेला खेळाडू तो शेवटचा सामना सोडून देऊ शकतो. म्हणून मोठ्या स्पर्धांत वरच्या काही पराभूतांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात. प्रामाणिकपणा जपण्यासाठी नशिबाला कामाला लावलं आहे. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते.

नेटकॉर्डला नशिबाचा राजा समजतात. चेंडू जाळीच्या वरच्या पांढऱ्या पट्टीला लागतो आणि पलीकडे मरून पडतो. व्यावसायिक खेळाडू तेव्हा हात किंवा रॅकेट वर करून माफी मागतो. काहींना हा दिखावा वाटतो, कारण मनातून तो खूशच असतो. मला तो दिखावा वाटत नाही. ‘हा पॉइंट मी मिळवला नाही, मला मिळाला’ ही कबुली आहे, आणि ती देण्याची सवय लागलेला माणूस पुढे अवघड कबुलीही देऊ शकतो.

पण नेटकॉर्डचं नशीब बऱ्याचदा कोर्टच्या देखभालीतून तयार होतं. जाळीची उंची मधोमध ९१.४ सेंटीमीटर आणि खांबांपाशी १०७ सेंटीमीटर हवी. तार ढिली असेल तर पट्टीला लागलेला चेंडू जाळी गिळते, ताणलेली असेल तर तो उडून पलीकडे जातो. दुहेरीच्या जाळीवर एकेरी खेळताना एकेरीच्या रेषेबाहेर ९१.४ सेंटीमीटरवर दोन्ही बाजूंना आधाराच्या काठ्या लावाव्या लागतात. त्या लावल्या नाहीत तर रेषेजवळ जाळी सुमारे ३ सेंटीमीटरनं खाली राहते. चेंडूचा व्यास साडेसहा-पावणेसात सेंटीमीटर असतो हे लक्षात घेतलं की ३ सेंटीमीटर म्हणजे काय ते कळेल. ‘डाउन द लाइन’, म्हणजे बाजूच्या रेषेला समांतर, फटका मारणाऱ्याला फुकटची सवलत मिळते. मोजपट्टी नसेल तर जुना उपाय आहे: एक रॅकेट उभं धरायचं आणि त्याच्या टोकावर दुसऱ्या रॅकेटचं डोकं आडवं ठेवायचं. साधारण ६८.५ सेंटीमीटर अधिक २३-२४ सेंटीमीटर. मधली उंची पाहायला तेवढं पुरतं.

एवढं सगळं नशीब धरूनसुद्धा ते शेवटी दोघांना सारखंच लागतं. नेटकॉर्ड कधी याच्या बाजूनं, कधी त्याच्या. शंभर पॉइंटांत ते बहुतांशी एकमेकांना छेदून जातं.

खोटा कॉल छेदून जात नाही. तो दर वेळी एकाच बाजूला पडतो. वर केलेला हिशोब आता पुन्हा पाहा. तोडीस तोड खेळाडूंत एकानं दर शंभर पॉइंटांमागे एकच चेंडू, जो आत होता, तो बाहेर सांगितला. समोरच्याचा एक पॉइंट त्याच्याकडे आला. ५०–५० चं ५१–४९ झालं. सामना जिंकण्याची शक्यता ५० वरून ६१ टक्क्यांवर गेली. दोन चेंडू असे फिरवले तर ५२–४८, आणि सामन्याची शक्यता सुमारे ७० टक्के. जी गुणपद्धत कौशल्यातला बारीक फरक फुगवते, तीच लबाडीही तेवढ्याच इमानानं फुगवते. तिला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून खिलाडूवृत्तीला मी शोभेची वस्तू मानत नाही. पंच नसलेल्या सामन्यात ती तराजूच्या काट्यासारखी आहे. काटा वाकला की वजन चुकतंच.

इथे मुलांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. बहुतेक चुकीचे कॉल लबाडीचे नसतात. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाच्या शंभराव्या भागात २८ सेंटीमीटर पुढे जातो. जमिनीशी त्याचा स्पर्श काही हजारांश सेकंदांचा. मूल स्वतः धावत असतं, डोकं हलत असतं, आणि पलीकडची बाजूची रेषा सात-आठ मीटर दूर. शिवाय हलत्या वस्तूची जागा ठरवताना आपला मेंदू ती वस्तू तिच्या दिशेनं किंचित पुढे असल्याचं दाखवतो. विम्बल्डनच्या पंचांच्या चुकांचा अभ्यास झाला तेव्हाही हेच दिसलं होतं: आत पडलेला चेंडू बाहेर सांगण्याच्या चुका उलट चुकांपेक्षा बऱ्याच जास्त. म्हणजे डोळ्याचीच ओढ ‘बाहेर’ म्हणण्याकडे असते.

या एका गोष्टीवरून नियमाची बैठक समजते. पंचाविना सामन्यांचा नियम सांगतो की शंका असेल तर फायदा समोरच्याला. हा नियम उदारपणासाठी केला आहे असा समज आहे. मला वाटतं तो डोळ्याची चूक दुरुस्त करण्यासाठी आवश्यक आहे. रेषा आणि चेंडू यांच्यामध्ये कोर्टचा रंग स्पष्ट दिसला तरच ‘आउट’. नाही दिसला, तर चेंडू आत. ‘मला वाटतं बाहेर होता’ हे वाक्य उच्चारलं की पॉइंट समोरच्याचा झाला पाहिजे.

व्यावसायिक टेनिसमध्ये याची उज्ज्वल उदाहरणं आहेत. १९८२ च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत सतरा वर्षांच्या मॅट्स विलँडरला मॅच पॉइंट (जिंकला की सामना खिशात) होता. होजे लुईस क्लर्कचा चेंडू बाहेर दिला गेला, सामना संपला. विलँडरनं पंचाला सांगितलं की चेंडू आत होता, आणि पॉइंट पुन्हा खेळायला लावला. तो पॉइंट त्यानं जिंकला, पुढे स्पर्धाही जिंकली. २००५ मध्ये रोमला अँडी रॉडिकला फर्नांडो व्हर्डास्कोविरुद्ध मॅच पॉइंट होता आणि व्हर्डास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर दिली गेली. मातीवरची खूण रेषेला लागलेली आहे हे रॉडिकनं स्वतः दाखवलं. तो तो सामना हरला. ही दोन उदाहरणं नेहमी एकत्र सांगायला हवीत. फक्त विलँडरचं सांगितलं तर मुलांना वाटेल की खरं बोललं की बक्षीस मिळतंच. २०१५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये राफाएल नदाल पाचव्या सेटमध्ये सामना संपवण्यासाठी सर्व्हिस करत असताना प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं आणि त्याची पहिली सर्व्हिस चुकली. समोरच्या टिम स्मायचेकनं त्याला पहिली सर्व्हिस परत दिली. स्मायचेक क्रमवारीत शंभराच्या बाहेर होता, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या विजयाच्या जवळ होता, आणि हरला. आपल्याकडे क्रिकेटमध्ये १९८० च्या मुंबईतल्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथनं बाद दिलेल्या बॉब टेलरला परत बोलावलं होतं. भारत ती कसोटी दहा गडी राखून हरला. त्याबद्दल आजही आदरानं बोललं जातं.

उलट उदाहरणंही मुलांना दाखवावीत. २००३ च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत सेरेना विल्यम्स सर्व्हिस करत असताना जस्टिन एनँनं ‘थांब’ अशा अर्थानं हात वर केला होता. सर्व्हिस जाळीत गेली, सेरेनानं ती पुन्हा मागितली आणि एनँ गप्प राहिली. २०२३ मध्ये बुडापेस्टला झांग श्वाईचा चेंडू बाहेर दिला गेला, तिनं खुणेबद्दल दाद मागितली, आणि वाद चालू असतानाच प्रतिस्पर्धी अमारिसा टोथनं पायानं ती मातीवरची खूण पुसली. झांगनं रडत सामना सोडला. खूण पुसणं मला सर्वांत वाईट वाटतं, कारण त्यात चुकून झालं म्हणायला जागाच उरत नाही.

आता कॅमेरे आले. २००४ च्या यूएस ओपनमध्ये सेरेनाविरुद्धचे उघड चुकीचे निर्णय टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले, आणि २००६ मध्ये त्याच स्पर्धेत हॉक-आय ही कॅमेऱ्यांनी चेंडूचा माग काढणारी यंत्रणा आली. २०२५ पासून एटीपीच्या दौऱ्यावर सगळीकडे यंत्रच रेषा पाहतं. फ्रेंच ओपननं मात्र २०२५ मध्येही माणसं ठेवली. मी यंत्राच्या विरोधात नाही. यंत्राची चूक काही मिलिमीटरची असते आणि ती कुणा एकाच्या बाजूची नसते, म्हणजे माझ्या हिशोबात ती नशिबाच्या रकान्यात जाते. पण यंत्र माणसं चालवतात. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पावल्युचेन्कोवा आणि कार्टल यांच्या सामन्यात कोर्टच्या एका भागाची यंत्रणा चुकून बंद झाली होती. कार्टलचा चेंडू उघड बाहेर होता, पण यंत्राचा ‘आउट’ असा आवाज आला नाही. पंचानं पॉइंट पुन्हा खेळवला. आणि रेषेपलीकडच्या गोष्टी यंत्र सगळीकडे पाहत नाही. २०२४ मध्ये सिनसिनाटीला जॅक ड्रेपरचा मॅच पॉइंटचा फटका रॅकेटच्या कडेला लागून आधी त्याच्याच बाजूच्या कोर्टवर आपटला आणि मग पलीकडे गेला, हे रीप्लेत दिसलं. पॉइंट त्याला मिळाला. आपल्याला दिसलं नाही असं त्यानं सांगितलं. ते खरं असेलही. दोन टप्पे, जाळीला लागलेलं रॅकेट, अंगाला चाटून गेलेला चेंडू या गोष्टी अजूनही बऱ्याच वेळा खेळाडूलाच सांगाव्या लागतात.

यंत्राचा खरा तोटा मला दुसरीकडे दिसतो. टीव्हीवर टेनिस पाहणाऱ्या नाशिकच्या मुलाला आता रेषेवरचा प्रामाणिकपणा दिसतच नाही. विलँडर, रॉडिकसारखा प्रसंग घडायला जागाच उरली नाही. चेंडू पडतो, आवाज येतो, खेळाडू वळतो. आणि हे मूल रविवारी सकाळी कोर्टवर उभं राहतं तेव्हा पंच, लाइन्समन आणि खेळाडू ही तिन्ही कामं त्याला करायची असतात. त्यातलं एकच काम त्याला शिकवलेलं असतं.

आपल्या गावाला ही गोष्ट परकी नाही. गल्ली क्रिकेटमध्ये फलंदाजी करणाऱ्या संघाचाच पोरगा अंपायर म्हणून उभा राहतो आणि आपल्या भिडूला बाद देतो. न देणाऱ्याला ‘रडीचा डाव’ म्हणून पोरंच धारेवर धरतात. नाशिकच्या विदित गुजराथीच्या बुद्धिबळात ना नेटकॉर्ड ना ऊन, तरी हात लावलेलं मोहरं हलवायचं हा नियम कोवळ्या वयातच अंगी बाणवला जातो. टेनिसमध्ये प्रशिक्षणवर्गाला महिन्याला हजारो रुपये भरून मूल बॅकहँड शिकतं आणि कॉल द्यायला कुणी शिकवत नाही.

शिकवता येतं. आठवड्यातून पंधरा मिनिटं पुरतात. बाजूच्या रेषेच्या अगदी सरळीत, बेसलाइनच्या मागे, एका तिकाटण्यावर मोबाइल लावायचा, कमरेच्या उंचीवर, सेकंदाला २४० चौकटींच्या संथ चित्रीकरणावर. प्रशिक्षकानं रेषेच्या आसपास वीस चेंडू टाकायचे. मुलानं प्रत्येक चेंडूला मोठ्यानं कॉल द्यायचा, दुसऱ्यानं वहीत लिहायचा. मग चित्रफीत पाहून ताडून बघायचं. किती चुकले यापेक्षा कोणत्या बाजूला चुकले हे पाहायचं. बहुतेकांच्या चुका ‘बाहेर’कडे झुकलेल्या निघतील, आणि शंकेचा फायदा समोरच्याला का द्यायचा हे मुलाला भाषणाविना कळेल. चेंडू येताना नजर आधी रेषेवर स्थिर करायची, डोकं थांबवायचं, चेंडू आपटताच कॉल द्यायचा. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून उशिरा दिलेला कॉल कॉल नव्हेच.

याच हिशोबानं पालकांच्या मोबाइलचाही निकाल लागतो. साध्या चित्रीकरणात सेकंदाला ३० चौकटी असतात. ताशी ९० किलोमीटरचा चेंडू दोन चौकटींच्या मध्ये ८० सेंटीमीटरहून जास्त पुढे जातो. नेमका जमिनीला टेकतानाचा क्षण त्यात सापडेल याची काहीच खात्री नाही. २४० चौकटींवरसुद्धा दहा सेंटीमीटरची फट राहते, म्हणून सरावाला ते चालतं, निकालाला नाही. कुंपणाबाहेरून तिरक्या कोनातून घेतलेली चित्रफीत रेफरीच्या तोंडासमोर धरणाऱ्या पालकाकडे पुरावा नसतो.

आयोजकांकडून माझी अपेक्षा मोजकी आहे. दर तीन-चार कोर्टांमागे एक फिरता पंच हवा. सतरा-अठरा वर्षांच्या माजी खेळाडूंना दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि दिवसाचा भत्ता देऊन हे काम सोपवता येईल. त्यांनी प्रत्येक फटका पाहायची गरज नाही. वाद झालेल्या कोर्टवर जाऊन चार-पाच गेम उभं राहिलं तरी कॉल सुधारतात. जाळीच्या खांबाला उलटायच्या आकड्यांची पाटी लावा, निम्मी भांडणं गुणसंख्येची असतात. पालकांच्या खुर्च्या बेसलाइनच्या मागे ठेवू नका, तिथून मुलाच्या डोळ्यांशी थेट बोलता येतं. आणि फी वाढेल म्हणून फिरता पंच नको म्हणणाऱ्यांनी मुलाच्या रॅकेटच्या तारांवर वर्षाला किती खर्च होतो ते आठवावं.

सर्वांत कठीण प्रश्न प्रामाणिक मुलाच्या पालकांचा असतो. ‘समोरचा चोरतोय, माझ्या मुलानं काय करायचं? तोटा सहन करायचा?’ मुळीच नाही. पहिल्या शंकास्पद कॉलला फक्त विचारायचं, ‘नक्की बाहेर होता का?’ आवाज न चढवता. समोरच्यानं चूक मान्य केली तर नियमाप्रमाणे पॉइंट पुन्हा खेळायचा. मात्र फटका सरळ पॉइंट जिंकणारा असेल, किंवा त्याच सामन्यात त्याच्याकडून आधी असा चुकीचा कॉल झालेला असेल, तर पॉइंट गमावला तो चुकीचा कॉल देणाऱ्यानं. दुसऱ्या शंकेला खेळ थांबवायचा, पुढचा पॉइंट सुरू होण्याआधी रेफरीला बोलवायचं, आणि मागचा कॉल फिरवण्याचा आग्रह न धरता ‘इथे पंच उभा करा’ एवढीच मागणी करायची. बदला म्हणून स्वतः खोटा कॉल कधीच द्यायचा नाही. एकदा दिला की रेफरीसमोर दोघं सारखेच ठरतात.

गुणसंख्येवरून वाद झाला तर अंदाजानं तोडगा काढायचा नाही. एक म्हणतो ४०–३०, दुसरा म्हणतो ३०–४०. पहिल्या पॉइंटपासून एकेक आठवायचा. समजा पहिला पॉइंट कुणी जिंकला एवढ्यावरच मतभेद आहे आणि बाकीचे चारही दोघांना मान्य आहेत. मग ते मान्य असलेले चार धरायचे आणि ३०–३० पासून खेळायचं. दहा वर्षांच्या मुलांनाही हे जमतं. फक्त त्यासाठी सर्व्हिस करणाऱ्यानं प्रत्येक पॉइंटआधी गुणसंख्या समोरच्याला ऐकू जाईल अशी सांगायला हवी, आणि गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंतच्या कोर्टवर सरावाच्या सामन्यांतही आज ती क्वचितच ऐकू येते.